मस्टर्ड वायूचे व्रण: निदान उशिरा, उपचार आयुष्यभर

७ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यातील ब्लू ग्रास येथील लष्करी आगारात सारिन या विषाने भरलेले शेवटचे रॉकेट नष्ट करण्यात आले आणि जगातील सर्व घोषित रासायनिक शस्त्रास्त्रे संपुष्टात आल्याचे जाहीर झाले. रासायनिक शस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला, तेव्हापासून सव्वीस वर्षे चाललेल्या प्रयत्नांचे हे फलित होते. करारातील देशांनी जाहीर केलेला साठा सुमारे ७२ हजार टनांचा होता, हे लक्षात घेतले तर या कामगिरीचे मोल कळते. तिचे स्वागत झाले ते योग्यच झाले. तथापि शस्त्र नष्ट झाले म्हणून त्याने केलेली जखम नष्ट होत नाही. ज्यांच्या त्वचेवर, डोळ्यांत आणि फुफ्फुसांत हे विष एकदा शिरले, त्यांच्यापैकी हजारो माणसे इराणमध्ये आजही औषधांवर जगत आहेत. साठ्यांचा हिशेब पूर्ण झाला, रुग्णांचा झालेला नाही.

या रुग्णांमध्ये सरदश्तचे रहिवासी आहेत. इराणच्या पश्चिम अझरबैजान प्रांतातील हे कुर्दी वस्तीचे छोटे शहर. तेव्हाची लोकसंख्या सुमारे बारा हजार. इराण-इराक युद्धाचे सातवे वर्ष सुरू असताना २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी या शहराच्या गजबजलेल्या भागांवर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. शंभराहून अधिक नागरिक मरण पावले आणि काही हजार लोक बाधित झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २० जुलै रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धबंदीचा ५९८ क्रमांकाचा ठराव केला. त्यात रासायनिक शस्त्रांच्या वापराबद्दल खेद होता, पण तो वापर कोणी केला याचा उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९८८ रोजी, इराकमधील हलब्जा या कुर्दी गावात सुमारे पाच हजार माणसे अशाच हल्ल्यात मारली गेली. तेथे मस्टर्डच्या जोडीला मज्जातंतूंवर आघात करणारी विषेही वापरण्यात आली होती.

हलब्जाचे नाव जगाला ठाऊक झाले, सरदश्तचे फारसे झाले नाही. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र सरदश्त अधिक शिकवून जाते, कारण तेथे बाधित झालेले बहुसंख्य लोक वाचले आणि मस्टर्डची जखम माणसाच्या आयुष्यात किती लांबवर पोहोचते हे त्यांच्या शरीरांनी दाखवून दिले. या जखमेचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रुग्णाचे भवितव्य अंगावर पडलेल्या विषाच्या मात्रेवर तर अवलंबून असतेच. पण हे विष कोणते आहे, हे उपचार करणाऱ्याला केव्हा कळले, यावरही ते बव्हंशी अवलंबून असते. आणि ते न कळण्याचे कारण अनेकदा वैद्यकीय नव्हतेच.

आगीविना भाजणे

मस्टर्ड वायू हे नाव दोन्ही अर्थांनी फसवे आहे. त्याचा मोहरीशी संबंध वासापुरता, आणि तोही सर्वांना मोहरीसारखा वाटत नाही. कित्येकांना तो लसणासारखा वाटला आहे. शिवाय सामान्य तापमानाला हा वायू नसून तेलकट द्रव असतो. सुमारे १४ अंश सेल्सिअसखाली तो गोठतो, आणि हवा जितकी उष्ण तितकी त्याची वाफ अधिक होते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत व तळघरांत साचून राहते. पहिल्या महायुद्धात १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो प्रथम वापरला. त्यापूर्वी वापरलेला क्लोरिन श्वास कोंडून ताबडतोब मारीत असे. मस्टर्डने मरणाऱ्यांचे प्रमाण तुलनेने कमी, सुमारे दोन ते तीन टक्के होते. मात्र त्याने हजारो सैनिक आंधळे, फोडांनी भरलेले आणि महिनोन्महिने निकामी करून रुग्णालयांत पाठविले. सैन्य खिळखिळे करण्यासाठी मेलेल्या सैनिकापेक्षा असा सैनिक अधिक उपयोगी ठरतो, हा त्यामागचा क्रूर हिशेब होता.

या विषाचे खरे कपट त्याच्या विलंबात आहे. विस्तव लागला की माणूस हात मागे घेतो. तेजाब अंगावर पडले की किंचाळतो. मस्टर्ड त्वचेवर पडले तर काहीच जाणवत नाही. स्निग्ध पदार्थांत सहज मिसळणारे हे द्रव्य काही मिनिटांत त्वचेत शिरते आणि पेशींमधील डीएनए व प्रथिने यांना घट्ट चिकटते. नुकसान तेथेच होऊन जाते. लक्षणे मात्र दोन ते चोवीस तासांनी, बहुधा चार ते आठ तासांनी दिसू लागतात. आधी उन्हाने पोळल्यासारखी लाली व खाज, मग लालीच्या कडेने मोत्यांच्या सरीसारखे बारीक फोड, आणि पुढे ते एकमेकांत मिसळून पिवळसर पाण्याने भरलेले मोठे फोड. मधल्या काळात बाधित माणूस घरी जातो, मुलांना जवळ घेतो, त्याच कपड्यांत झोपतो. विष तोवर आपले काम करीत असते आणि इतरांनाही लागत असते.

त्वचा ही या विषाची एकच जागा नव्हे. डोळे सर्वांत हळवे असल्याने वाफेची अगदी अल्प मात्राही तेथे आग, पाणी आणि प्रकाशाची असह्यता निर्माण करते. पापण्या सुजून मिटतात आणि रुग्णाला आपण आंधळे झालो असे वाटते. श्वासमार्गाच्या आतील अस्तर सोलवटते, आवाज बसतो, खोकला सुरू होतो आणि गंभीर रुग्णांत सुटलेले पापुद्रे श्वासनलिका बुजवितात. मात्रा मोठी असेल तर विष अस्थिमज्जेपर्यंत पोहोचते. पहिल्या दिवसांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून त्या कोसळू लागतात. म्हणजे ज्या वेळी उघड्या जखमांवर जंतूंचा हल्ला होतो, नेमक्या त्याच वेळी शरीराचे संरक्षक दल गायब झालेले असते. पहिल्या आठवड्यानंतर होणाऱ्या मृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे.

बारीचा धडा

निदान चुकले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण युद्धभूमीवरचे नाही, ते इटलीतील एका बंदरातले आहे. २ डिसेंबर १९४३ रोजी रात्री जर्मन विमानांनी दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील बारी बंदरावर हल्ला केला. बंदरात ‘जॉन हार्वी’ नावाचे अमेरिकी मालवाहू जहाज उभे होते. जर्मनीने रासायनिक युद्ध सुरू केलेच तर प्रत्युत्तरासाठी म्हणून त्यावर सुमारे दोन हजार मस्टर्ड बॉम्ब गुप्तपणे आणून ठेवले होते. जहाज उडाले आणि त्यातील मालाची माहिती असलेले लोकही त्याबरोबर गेले. मस्टर्ड बंदराच्या पाण्यावर पसरलेल्या तेलात मिसळले आणि शेकडो खलाशी त्याच तेलातून पोहत किनाऱ्याला लागले.

रुग्णालयातील डॉक्टरांसमोर गारठलेले, तेलाने माखलेले, धक्क्यात असलेले खलाशी आले. त्यांनी जे करायला हवे असे वाटले तेच केले. रुग्णांना ब्लँकेटात गुंडाळले, गरम चहा दिला, वेदनाशामके दिली आणि गंभीर जखमींकडे ते वळले. ओले कपडे अनेकांच्या अंगावर तसेच राहिले. म्हणजे विष आणि त्वचा यांना काही तास ऊब देऊन एकत्र बांधून ठेवल्यासारखे झाले. पहाटेपर्यंत डोळे सुजले, मग फोड आले. रक्तदाब खूप खाली असूनही रुग्ण शांत पडून असत आणि अचानक दगावत. शुश्रूषा करणाऱ्यांनाही त्रास सुरू झाला. हा कोणता आजार, ते कोणालाच सांगता येईना.

काही दिवसांनी अमेरिकी लष्करातील वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल स्ट्यूअर्ट अलेक्झांडर तपासासाठी तेथे आले. रासायनिक युद्धाच्या वैद्यकाचा त्यांचा अभ्यास होता. वासावरून आणि फोडांवरून त्यांना मस्टर्डचा संशय आला. कोणत्या जहाजावरचे किती लोक बाधित झाले याचा नकाशा त्यांनी मांडला, तेव्हा मृत्यूंचा दाटवा ‘जॉन हार्वी’भोवती आढळला. बंदराच्या तळातून सापडलेल्या बॉम्बच्या कवचाने उरलेली शंका मिटली. सहाशेहून अधिक बाधित सैनिक व खलाशांपैकी ८३ जण दगावले. बारीतील सामान्य नागरिकांची तर मोजदादच नीट झाली नाही.

या प्रकरणातील खरी लाजिरवाणी गोष्ट त्यानंतरची आहे. दोस्त राष्ट्रांनी आपल्याच जहाजावर मस्टर्ड होते हे कबूल करायचे नाही असे ठरले. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ते मान्य करण्यास नकार दिला, आणि ब्रिटिश नोंदींत ‘शत्रूच्या कारवाईमुळे भाजणे’ असे शब्द आले. अलेक्झांडर यांचा अहवाल गुप्ततेच्या कपाटात गेला. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांकडून त्यांचा गौरव झाला तो १९८८ मध्ये, म्हणजे साडेचार दशकांनी. याला वैद्यकाचे अज्ञान म्हणता येणार नाही. त्या काळी मस्टर्डची लक्षणे पाठ्यपुस्तकांत होती. डॉक्टरांना ती आठवली नाहीत, कारण त्यांना विचार करण्यासाठी लागणारी एक ओळीची माहिती दडविण्यात आली होती. कपडे काढा आणि साबण लावून अंग धुवा, एवढी सूचना पहिल्या रात्री मिळाली असती तर कित्येकांच्या जखमा कमी झाल्या असत्या.

निदान: रुग्णाला काय विचारावे?

मग निदान करायचे कसे? पहिला आधार रुग्णाच्या हकिकतीचा. एकाच ठिकाणाहून, काही तासांच्या अंतराने, अनेक माणसे सारख्याच तक्रारी घेऊन आली. आग लागल्याचे कोणी सांगत नाही. सुरुवातीला दुखलेही नाही. लसणासारखा वास आला होता. हे सारे जुळले की संशय यायलाच हवा. दुसरा आधार जखमांच्या जागांचा. आगीच्या ज्वाळा समोर येईल तो भाग भाजतात. मस्टर्डची वाफ मात्र ऊबदार, घामट आणि पातळ त्वचा निवडते. पापण्या, मान, काखा, कोपरांच्या खोबणी, जांघा आणि जननेंद्रिये यांवर तिचा आघात अधिक असतो, तर जाड कातडीचे तळहात व तळपाय बहुधा वाचतात. नंतर त्या त्या जागी त्वचा विलक्षण काळवंडते. तिसरा आधार त्रयीचा. डोळे, त्वचा आणि श्वास या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी तक्रार असणे ही मस्टर्डची मोठी खूण आहे.

फोड आणणारी इतर रसायनेही आहेत आणि त्यांच्यात फरक करणे हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषाने त्वचेला स्पर्श होताच वेदना होतात. फॉस्जीन ऑक्झिमचाही दाह तत्काळ असतो आणि त्वचेवर गांधी उठतात. हा भेद महत्त्वाचा, कारण लुइसाइटवर डायमरकॅप्रॉल हा उतारा उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये तो शोधला गेला. मस्टर्डवर आजतागायत उतारा नाही. सोडियम थायोसल्फेट, एन-ॲसिटिलसिस्टीन यांसारख्या द्रव्यांवर प्रयोग झाले. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनेही डीआरडीई-०७ या नावाने एक संरक्षक संयुग प्राण्यांवर अभ्यासले. परंतु रुग्णाला द्यावे आणि विष निष्प्रभ व्हावे, असे औषध वैद्यकाच्या हाती अद्याप आलेले नाही.

उपचार: नेहमीच्या सवयींना मुरड

उतारा नसल्यामुळे पहिल्या काही मिनिटांचे मोल सर्वाधिक आहे. विष त्वचेत शिरण्यापूर्वी काढले तरच ते निघते. कपडे, घड्याळ, पादत्राणे तत्काळ उतरवावीत आणि भरपूर पाणी व साबण वापरून अंग धुवावे. पाणी नसेल तर द्रव शोषणारी कोरडी पूड उपयोगी पडते. अनेक देशांच्या सैन्यांनी यासाठी ‘फुलर्स अर्थ’ वापरली, जी आपल्याकडे मुलतानी माती म्हणून घरोघरी ठाऊक आहे. डोळे मात्र केवळ स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुवायचे. रुग्ण उशिरा आला तरी ही स्वच्छता टाळायची नाही, कारण केसांत आणि कपड्यांत राहिलेले विष डॉक्टर व परिचारिकांना बाधते. एकदा अंग धुतले की मग भीतीचे कारण नाही. फोडांतील पाण्यात सक्रिय मस्टर्ड नसते.

यापुढचा मुद्दा जळित विभागात काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. आगीने मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाला पहिल्या चोवीस तासांत शिरेतून भरपूर द्रव द्यावे लागते आणि त्याचे प्रमाण भाजलेल्या क्षेत्रफळावरून ठरविण्याची सूत्रे डॉक्टरांना तोंडपाठ असतात. हेच सूत्र मस्टर्डच्या रुग्णाला लावले तर घात होऊ शकतो. मस्टर्डमध्ये द्रव एकदम झरत नाही. तो सावकाश आणि कमी प्रमाणात जातो. १९८४ पासून इराणने आपले अनेक बाधित सैनिक व्हिएन्ना, स्टॉकहोम, गेंट अशा युरोपीय शहरांतील रुग्णालयांत उपचारासाठी पाठविले होते. त्यांच्यावरील अनुभवातून हा फरक स्पष्ट झाला. अतिरिक्त द्रव आधीच सोलवटलेल्या फुफ्फुसांत साचण्याचा धोका असतो. म्हणजेच जखम बाहेरून भाजल्यासारखी दिसते म्हणून उपचारही भाजण्याचाच केला, तर चुकीच्या निदानाची शिक्षा रुग्णाला भोगावी लागते.

त्वचेच्या जखमांवर लहान फोड तसेच ठेवणे, मोठे फोड उघडून स्वच्छ करणे, सिल्व्हर सल्फाडायझिनसारखी जंतुनाशक मलमे लावणे आणि नियमित मलमपट्टी करणे ही सर्वमान्य पद्धत आहे. खाज आणि वेदना यांना क्षुल्लक समजू नये. पुष्कळदा त्यासाठी अफूजन्य वेदनाशामकेही लागतात. या जखमा तितक्याच खोलीच्या भाजलेल्या जखमांपेक्षा फार सावकाश, कित्येकदा दुप्पट वेळ घेऊन भरतात, कारण ज्या पेशींनी नवी त्वचा तयार करायची त्यांचाच डीएनए बिघडलेला असतो. खोल जखमांत मृत त्वचा लवकर खरवडून काढावी आणि गरज पडल्यास त्वचारोपण करावे, याकडे अलीकडे कल आहे. डोळ्यांत प्रतिजैविकाचे थेंब, बाहुली मोठी करणारे थेंब आणि पापण्या चिकटू नयेत म्हणून कडांना व्हॅसलीन लावायचे असते. डोळ्यांवर पट्टी मात्र बांधायची नाही. गडद चष्मा पुरेसा. बधिर करणारे थेंब वारंवार घातल्यास कॉर्नियाला इजा होते, म्हणून तो मोह टाळायचा. आणि रुग्णाला सांगायचे की दृष्टी बहुधा परत येईल. बहुसंख्य रुग्णांत ती एक-दोन आठवड्यांत येतेही. भेदरलेल्या माणसाला हे वाक्य औषधाइतकेच हवे असते.

पांढऱ्या पेशींवर रोज लक्ष ठेवणे, त्या घसरल्यास रुग्णाला वेगळे ठेवणे, जंतुसंसर्गाचा शोध घेऊन प्रतिजैविके देणे आणि पेशी वाढविणारी इंजेक्शने वापरणे, हे उपचाराचे उरलेले अंग. पेशींची वाढ थांबविण्याचा मस्टर्डचा हाच गुण पुढे माणसाच्या उपयोगी पडला, हा इतिहासातील विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १९४२ मध्ये अमेरिकेतील येल येथे लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्ड हे भावंड-द्रव्य कर्करोगाच्या रुग्णाला प्रथम देण्यात आले. युद्ध संपल्यावर ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि रसायनोपचाराचा पाया घातला गेला.

पुरावा शरीरातच असतो

रासायनिक हल्ल्याचा आरोप आणि इन्कार यांची फेरी नेहमीच चालते. अशा वेळी रुग्णाचे रक्त आणि लघवी ही साक्षीदार ठरतात. मस्टर्ड शरीरात विघटित होऊन त्याची काही विशिष्ट द्रव्ये लघवीतून काही दिवस जातात. याहून टिकाऊ पुरावा रक्तात असतो, कारण मस्टर्ड प्रथिनांना घट्ट चिकटते आणि अशी खुणावलेली प्रथिने काही आठवडे सापडू शकतात. वस्तुमान वर्णपटमापन या तंत्राने ती अत्यल्प प्रमाणातही ओळखता येतात. रासायनिक शस्त्रबंदी संघटनेने मानवी नमुने तपासण्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र प्रयोगशाळांना मान्यता देण्यास सुरुवात केली. या संघटनेला २०१३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

ऑगस्ट २०१५ मध्ये सीरियातील मारेआ या गावी झालेल्या हल्ल्यानंतर याच संघटनेच्या तपास पथकाने मस्टर्डच्या वापराची पुष्टी केली आणि एका तान्ह्या बाळाचा मृत्यू बहुधा त्यामुळेच झाल्याचे नमूद केले. पुढे संयुक्त राष्ट्रांसमवेतच्या चौकशीत त्या हल्ल्याची जबाबदारी ‘इस्लामिक स्टेट’वर ठेवण्यात आली. सरदश्तच्या काळात असा पुरावा गोळा करण्याची यंत्रणा तोकडी होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी १९८४ मध्येच इराणमध्ये मस्टर्ड वापरल्याचे सांगितले होते, तरी जगाने मान फिरविली. न्याय मिळाला तोही उशिरा व तुटपुंजा. इराकला मस्टर्डसाठी लागणारा कच्चा माल पुरविणारा डच व्यापारी फ्रान्स व्हान अन्राट याला हेगच्या न्यायालयाने २००५ मध्ये युद्धगुन्ह्यातील साथीदार म्हणून १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलांत तीत थोडा फेरफार झाला. सरदश्तवरील हल्ल्याला तोवर अठरा वर्षे लोटली होती.

जखम भरल्यानंतर

इराणमध्ये युद्धात अपंगत्व आलेल्यांना ‘जांबाज’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे शूर या अर्थाने आला. तेथे त्याला प्राणवायूच्या नळकांड्याची आणि रात्रभर चालणाऱ्या खोकल्याची संगत आहे. युद्धात रासायनिक शस्त्रांनी बाधित झालेल्यांची संख्या इराण सुमारे एक लाख सांगतो. त्वचा बरी झाल्यावरही कोरडेपणा, खाज आणि व्रण राहतात. डोळे बरे झाल्यासारखे वाटतात आणि कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी, कॉर्निया पुन्हा खराब होऊ लागतो. सर्वांत वाईट अवस्था फुफ्फुसांची. सूक्ष्म श्वासनलिका हळूहळू बुजत जातात आणि गेलेला श्वास कोणतेही औषध परत आणू शकत नाही. मस्टर्ड कर्करोगकारक असल्याचेही निर्विवाद सिद्ध झाले आहे.

हल्ल्यानंतर वीस वर्षांनी सरदश्तमधील ३७२ बाधित आणि शेजारच्या गावातील १२८ अबाधित पुरुषांची तुलना करणारा मोठा अभ्यास इराणी डॉक्टरांनी हाती घेतला. या जखमेच्या दीर्घकालीन स्वरूपाविषयी जगाला आज जे ठाऊक आहे, त्यातील मोठा वाटा अशा इराणी संशोधनाचा आहे. त्याच इराणवर अमेरिकेने २०१८ मध्ये पुन्हा लादलेल्या निर्बंधांतून औषधे कागदोपत्री वगळलेली होती. पण बँका व्यवहार करण्यास कचरू लागल्याने ती मिळणे अवघड झाले. ज्यांच्या जखमांतून जग शिकले, त्यांनाच औषधासाठी ताटकळावे लागावे, हा विरोधाभास केवळ राजकीय म्हणून सोडून देता येणार नाही. तेहरानच्या शांतता संग्रहालयात यांपैकी काही जांबाज स्वयंसेवक म्हणून पाहुण्यांना माहिती देतात. त्यांचा बसका आवाज हाच तेथील सर्वांत मोठा पुरावा.

पुढचा रुग्ण कोण?

हा सारा प्रकार लष्कराचा, आपला नव्हे, असे शहरी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. अनुभव वेगळे सांगतो. ऑगस्ट २००३ मध्ये चीनमधील चिचिहार शहरात बांधकामासाठी खोदताना जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धानंतर टाकून दिलेले पाच पिंप सापडले. ते भंगारात गेले. त्यांतील मस्टर्डने एकाचा बळी घेतला आणि चाळीसहून अधिक लोक जखमी झाले. त्यांत मजूर होते, भंगारवाले होते, मुले होती. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटाजवळ युद्धानंतर समुद्रात बुडविलेल्या साठ्यातील मस्टर्डचे गोळे मच्छीमारांच्या जाळ्यांत येत राहिले. २०१० मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ शिंपले काढणाऱ्या बोटीवर जुना तोफगोळा वर आला आणि एक खलाशी फोडांसह रुग्णालयात दाखल झाला. यांपैकी कोणीही सैनिक नव्हता. त्यांना प्रथम तपासणारे डॉक्टरही लष्करी नव्हते.

भारताचा या विषयाशी थेट संबंध आहे. १९९७ मध्ये भारताने आपल्याकडे मस्टर्डचा साठा असल्याचे जाहीर केले आणि सुमारे एक हजार टनांचा तो साठा २००९ पर्यंत पूर्णपणे नष्ट केला. अल्बानिया व दक्षिण कोरियानंतर हे काम पूर्ण करणारा भारत तिसरा देश ठरला. त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक दहशतवादाला तोंड देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावरची तयारी झाली ती स्वागतार्हच. प्रश्न असा आहे, की जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री कामावर असलेल्या शिकाऊ डॉक्टरपर्यंत तिचा अंश पोहोचला आहे काय? प्रवेशद्वाराबाहेर रुग्णाचे कपडे उतरवून त्याला अंघोळ घालण्याची सोय आहे काय? भाजलेला रुग्ण आला की ‘कशाने भाजले’ हा प्रश्न स्टोव्ह आणि गॅस यांच्यापुढे जातो काय? आपल्या औद्योगिक पट्ट्यांत दररोज हाताळली जाणारी रसायने मस्टर्डहून वेगळी आहेत, त्यांचे उपचारही वेगळे; पण तेथेही रुग्णाचा पहिला हक्क तोच आहे. त्याच्या अंगावर काय पडले, हे कारखान्याने डॉक्टरला त्याच क्षणी सांगितले पाहिजे. १९८४ मध्ये भोपाळच्या डॉक्टरांनाही त्या रात्री हेच हवे होते आणि तेच मिळाले नाही.

रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या बाहेर आज मोजके देश उरले आहेत. इजिप्त, उत्तर कोरिया व दक्षिण सुदान यांनी तो स्वीकारलेला नाही. इस्रायलने सही केली, पण अंतिम मान्यता दिलेली नाही. करार सर्वांनी पाळला तरी समुद्रतळावर आणि जमिनीखाली पडलेले विष त्याची वाट पाहणार नाही. त्यामुळे घोषित साठे संपल्याचा आनंद मानताना दोन कामे बाकी आहेत, याचे भान असावे. जे बाधित होऊन जगत आहेत, त्यांचा औषधोपचार राजकारणापासून अलग ठेवणे हे पहिले. आणि उद्या कोठे एखाद्या रुग्णालयात वेदनेवाचून उठलेले फोड घेऊन कोणी आला, तर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला योग्य प्रश्न सुचेल आणि त्याचे खरे उत्तर मिळेल, अशी व्यवस्था करणे हे दुसरे. बारीत प्रश्न विचारणारे आले, पण उत्तर असलेल्यांनी तोंड बंद ठेवले. त्या मौनाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या यादीत आणखी नावे वाढू नयेत, एवढे तरी या शतकाला जमावे.